कालवं बोचत नाहीत

दिवाळे, बेलापूर
१६ एप्रिल २०२४

पुतळाबाईस,

कमळीचा नमस्कार. घ्यायचा तर घे, नाहीतर जागृतीला दे. तुझी सून गुणाची आहे, ती ठेवून घेईल.

सहा वर्षांनी तुला लिहितेय. फोनवर माझा आवाज आला की तू फोन दुसऱ्याच्या हातात देतेस. कागदाला आवाज नसतो, तेवढी तरी तुझी सोय.

एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी देवीची पाटी माझ्या डोक्यावर होती.

आपल्या आळीच्या बायका देवीच्या नैवेद्याला खाडीतली कालवं आणायला जातात तेव्हा पाटी घेऊन पुढे कोण चालते, हे तुला मी काय सांगणार? अनवाणी उतरायचं, कालवांच्या खडकावरून चालायचं आणि तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. आधी आईचा मान होता. ती गेल्यावर तुझा. करंजाहून दर वर्षी तू त्यासाठी माहेरी यायचीस आणि त्या धारेवरून अशी चालायचीस की जणू घरातल्या लादीवर चाललीयस. आम्ही मागून दातओठ खात यायचो. बायका म्हणायच्या, पुतळीच्या पायाखाली देवी तळहात धरते.

आणि सहा वर्षांपूर्वी माझा पाय कापला, मी 'आई ग' म्हणून ओरडले, तेव्हा तू चाळीस बायकांसमोर मागे वळून म्हणालीस, "देवीचा हात नाय तुज्यावर, कमले. घरान खोट हाय कुटंतरी." माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी त्यावर काय बोलले ते तुला आठवत असेल. ते मी इथे लिहीत नाही.

त्यानंतर तू आलीच नाहीस. पाच वर्षं सुमित्राबाईने कसंबसं निभावलं. यंदा तिचे गुडघे बोलायला लागले, म्हणून बायकांनी माझ्याकडे बघितलं. मनातून मी घाबरले होते. ओहोटी लागली, चपला काठावर काढल्या, देवीचं नाव घेतलं आणि पहिलं पाऊल टाकलं.

बाय, कालवं बोचली नाहीत.

एक पाऊल, दुसरं, दहावं. पायाखाली गादी घातल्यासारखं. मी पूर्ण खडक चालून आले आणि मागे बायका तोंडावर पदर घेऊन बघत राहिल्या. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं देवीने मला लांब ठेवलं आणि आता एकदम जवळ घेतलं, असं वाटून मी त्या चिखलातच रडले. अजूनही आठवलं की भरून येतं.

घरी आले तर सून ओरडली. दिशा तुला ठाऊक नाही, कुंदनची बायको, ठाण्याची, जरा भित्री आहे. "आई, थांबा! लादी बघा!" बघते तर दारापासून ओट्यापर्यंत माझी लाल पावलं, गौरीची काढतात तशी. रक्त होतं, आणि मला पत्ताच नव्हता. ती पळाली हळद आणायला आणि मी हसत बसले. रक्त येतं पण दुखत नाही, याहून मोठी खूण काय असते, सांग.

अंगही हलकं झालंय. पोलकी ढगळ होतात, बायका विचारतात कसला उपास करतेस म्हणून. उन्हाळा मात्र भयंकर. तहान काही केल्या भागत नाही. माठ दुपारपर्यंत संपतो, वर स्टेशनबाहेरचा उसाचा रस दोन वेळा.

असो. तुला कळावं म्हणून लिहिलं. मान घरातच आहे, फक्त दुसऱ्या घरात आलाय.

कमळी

दिवाळे
३ जून २०२४

बाय,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मान वळते.

एक गंमत लिहिते. गेल्या आठवड्यात बाजारातून आले, तर दारात बसलेल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. एका पायात चप्पल, दुसरा मोकळा! कुठे निसटली कुणास ठाऊक. मी डांबरी रस्त्याने मेच्या उन्हात, एक पाय अनवाणी, घरापर्यंत चालत आले होते. कुंदन महापेच्या कंपनीतून आला तेव्हा त्याला पण सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. दिशा तेवढी हसली नाही.

तिचं एकच टुमणं चाललंय. "आई, शुगर चेक करून घेऊ ना. आमच्या मैत्रिणीच्या सोसायटीत रविवारी कॅम्प आहे, दोन मिनिटांचं काम. टेन्शन नका घेऊ." मी म्हटलं, शुगर बसून खाणाऱ्यांना होते. मी खाडीत राबलेली बाई, सकाळी मासळीची पाटी घेऊन बेलापूरभर फिरते, मला कुठून होईल? शिवाय मी गोड खातच नाही. उसाचा रस काय, तो उन्हाचा.

डोळ्यांचा नंबर वाढलाय. चष्मा बदलला, पंधरा दिवसांत तोही धूसर. चष्मेवाल्याशी भांडण झालं.

पायाला थोडं काहीतरी आहे. तळव्याला, करंगळीच्या खाली, चिंचोक्याएवढं. दिशाला दाखवलेलं नाही. दाखवलं की ती दवाखाना काढेल. मी हळद भरते आणि फडकं बांधते. दुखत नाही ना, मग कशाला? आपल्याकडे दुखलं तर दवाखाना, नाही दुखलं तर काम, असंच चाललंय आजवर.

तुझ्या पायांना असं कधी झालं होतं का, एवढं विचारायचं होतं. तुला यातलं जास्त कळतं.

कमळी

वाशी, दवाखाना
२९ जून २०२४

बाय,

अक्षर वाकडं येईल. हाताला सलाइनची सुई आहे.

दिशाला वासावरून कळलं. मला वास येत नव्हता की मला तो घ्यायचाच नव्हता, देव जाणे. तिने माझ्याशी न बोलता रिक्षा आणली, कुंदनला ऑफिसातून बोलावलं आणि मला इथे आणून टाकलं. वाटेत मी तिला नाही नाही ते बोलले. ती खिडकीबाहेर बघत रडत होती, पण रिक्षा थांबवली नाही.

डॉक्टरांनी जखम उघडली आणि चिमट्याने एक वस्तू काढून ताटलीत ठेवली. टण्ण वाजली. कालवाची कपची, बाय. अंगठ्याच्या नखाएवढी. जत्रेपासून माझ्या पायात होती. अडीच महिने मी तिच्यावर उभी राहिले, चालले, मासळी विकली, नाचलेसुद्धा सुमित्राबाईच्या नातीच्या हळदीला. ती आत आत जात हाडापर्यंत पोचली.

करंगळी काढावी लागली. उजव्या पायाची. डॉक्टर म्हणाले, अजून आठ दिवस गेले असते तर घोट्यापर्यंतची गोष्ट होती.

साखर चारशे बारा निघाली. आणखी एक तपासणी असते, तिच्यात गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते. मी विचारलं, तीन महिने मी काय खाल्लं ते मला आठवत नाही, रक्ताला कसं आठवतं? डॉक्टर हसले, पण मी हसत नव्हते. एक थेंब, बाय. आपण देवासमोर खोटं बोलतो, डॉक्टरशी बोलतो, सुनेशी तर रोज. पण थेंबाला बोलता येत नाही खोटं. मी त्या काचेच्या नळीकडे बघत राहिले.

आणि आता ऐक, यासाठीच मी हा कागद मागून घेतला.

इथे स्नेहल सिस्टर म्हणून आहे, तिशीची पोर. ती एक पेनासारखी दांडी घेऊन आली. तिच्या टोकाला एक बारीक दोरा. मी बघताक्षणी ओळखला. तंगूस! आपल्या जाळ्याचा असतो तसला, नायलॉनचा. "आजी, डोळे मिटा. पायाला दोरा लागला की हो म्हणा." मी डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "झालं." मी म्हटलं, सुरू कधी केलंस? तिने दहा जागी लावून झालं होतं. मी दोनदाच हो म्हटलं होतं, तेही टाचेला.

माझा विश्वास बसेना. म्हटलं, दिशाच्या हातात दे, मी बघते. दिशाने दोरा माझ्या अंगठ्याला टेकवला. तो वाकला. मी डोळ्यांनी बघत होते, बाय. दोरा माझ्या पायावर वाकलेला, आणि माझ्या पायाला ते ठाऊकच नाही. आयुष्यात मी खाडीला उधाण आलेलं बघितलंय, बुडालेली होडी वर येताना बघितलीय, पण त्या वाकलेल्या दोऱ्याइतकं मला कशाने हादरवलं नाही. पाय माझाच, पण कुणी दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा.

सिस्टर म्हणाली, रक्तात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात. कापलं, भाजलं, टोचलं, तो निरोप वर पोचतच नाही. म्हणाली, "आजी, दुखणं हे राखण करतं. तुमचा राखणदारच झोपला होता."

दुपारपासून मी हेच मनात फिरवतेय. जन्मभर दुखू नये म्हणून नवस केले. आणि ज्या दिवशी दुखायचं थांबलं त्या दिवशी मी पेढे वाटले.

तुला हे का लिहितेय ते अजून माझ्या तोंडून निघत नाही. घरी गेले की लिहीन.

कमळी

दिवाळे
११ ऑगस्ट २०२४

बाय,

आता लिहिते. तुझे पाय कधीपासून दुखत नाहीत?

मी हिशोब मांडलाय. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी तू पहिल्यांदा पुढे चाललीस. तेव्हापासून तुझ्या तोंडून हूं निघालेलं मी ऐकलं नाही. जेवल्यावर तू तांब्याभर पाणी एका दमात प्यायचीस आणि आम्ही म्हणायचो, पुतळी खाडी पिते. हळदीला नाचता नाचता तुझी जोडवी पडली, ती दुसऱ्याच बाईने उचलून दिली. तुला ती पडल्याचं कळलं नव्हतं. आणि आई! आईचा पाय काळा पडला तेव्हा सगळे म्हणाले, खाडीचं वारं लागलं. भगताने अंगारा लावला. ती पडून होती, पण कण्हत नव्हती. आपण म्हटलं, केवढी सोशीक. सोशीक कसली, बाय. तिला लागतच नव्हतं.

आई, तू, मी. तिघी त्याच खडकावर, तशाच चाललो आणि तिघींना मान मिळाला.

सिस्टरने सांगितलं, आईला असेल तर मुलांना असण्याचा संभव जास्त. आणि सुरुवातीला काहीच होत नाही म्हणे. तहान, सारखं लघवीला जाणं, वजन उतरणं, नजर धूसर होणं, हे सगळं दिसायला लागेपर्यंत हा आजार आत घर करून बसलेला असतो. म्हणून तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्त बघायचं, काही होत नसलं तरी. मी कुंदनला ओढत नेलं. एकतीस वर्षांचा पोर, जिमला जाणारा. त्याची साखर उंबरठ्यावर निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता कळलं हे भाग्य, इथून मागे फिरता येतं. तो आता कंपनीच्या दोन स्टॉप आधी उतरतो आणि चालत जातो. भात अर्धा. कुरकुरतो, पण चालतो. माझ्या वेळी मला कुणी उंबरठ्यावर गाठलं असतं तर, असं मनात येतं, आणि मग आठवतं की दिशाने गाठलं होतं. मीच दार लावलं.

आळीत मी काय केलं तेही सांगते, कारण दुसऱ्याकडून वाकडं ऐकशील. सिस्टरने मला दोऱ्याविना करायची एक रीत शिकवली. समोरच्याने डोळे मिटायचे. आपण बोटाचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि त्याने सांगायचं कळलं की नाही. मग दुसरा पाय. दोन-तीन ठिकाणी कळलं नाही तर सरळ दवाखाना. जेट्टीवर जाळी विणत बसतो तिथे मी बायकांना बसवलं. एकवीस जणींचे पाय झाले. चौघींना कळलं नाही. त्यातली एक सुमित्राबाईची सून, अडतीस वर्षांची.

त्यावरून आळीत केवढा गहजब झाला! सुमित्राबाई म्हणाली, "देवीच्या मानाला रोग बोलतेस? जीब झडल तुजी." चार दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. मग तिची सून रक्त तपासून आली, साखर निघाली, आणि सुमित्राबाई माझ्या दारात येऊन बसली. पुढच्या जत्रेला रबराचे बूट घालून उतरायचं असं आम्ही ठरवलंय. देवी रागावणार नाही. तिने कधी सांगितलं होतं, दुखू देऊ नका म्हणून? ते आपणच तिच्या तोंडी घातलं.

बाय, तुला एवढंच मागते. रक्त बघ. माझ्यावरचा राग तसाच ठेव, पण रक्त बघ.

कमळी

दिवाळे
२४ नोव्हेंबर २०२४

बाय,

जागृतीचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस. माझे सगळे कागद तिने तुला वाचून दाखवले, आणि तू म्हणालीस, "कमली जलते. मान घेतलान, आता माजा नाव पन पुसाचा हाय तिला."

मी दोन दिवस चिडून होते. मग माझाच पहिला कागद आठवला. काय टेंभा मिरवला होता मी! त्या कागदानंतर तू दुसरं काय समजणार होतीस?

म्हणून आता ते लिहिते जे तेव्हा लिहिलं नव्हतं. त्या दिवशी खाडीत मी तुला म्हटलं, "तुला कुटं काय दुकतं? आई गेली तवा पन तुज्या डोल्यान टिपूस नव्हता." ते मी चाळीस बायकांसमोर म्हटलं. तुझ्या शब्दाने माझं एक वर्षाचं दुःख उघडं पडलं होतं, म्हणून मला तुला कुठेतरी खोल कापायचं होतं. आणि तू कापली गेलीस, ते मी तुझ्या तोंडावर बघितलं. सहा वर्षं मला बरं वाटावं म्हणून मी स्वतःला सांगत आले की तुला काही वाटलं नसेल.

जागृती म्हणाली, तू हल्ली डुलक्या घेतेस आणि सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारतेस. आणि येत्या जत्रेला येऊन अनवाणी पुढे चालणार आहेस, मला दाखवायला.

तू येण्याआधी मीच येते. दार लावलंस तर दारात बसेन. आता मला बसून राहायची सवय झालीय.

कमळी

दिवाळे
१३ जानेवारी २०२५

माझी बाय,

काल तुझ्याकडून निघाले ते उरणच्या गाडीत खिडकीशी बसले. द्रोणागिरीपर्यंत नुसते कंटेनर दिसत होते आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. जे तिथे बोलता आलं नाही ते आता लिहिते. तुझ्या पाच शेजारणी मांडी घालून बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मला ते बोलायचं नव्हतं. बायकांसमोर बोलून एकदा आपलं काय झालं ते पुरे आहे.

आधी हे लिहिते की तू दार उघडलंस, माझ्या पायातल्या जाड बुटाकडे बघितलंस आणि सहा वर्षांनंतर पहिलं वाक्य बोललीस, "कवडा काल्ला?" मी म्हटलं, करंगळीच काढलीय, आणि बूट काढून दाखवला. तू खाली बसलीस आणि जिथे करंगळी नाही तिथे हात ठेवलास. मला तो हात कळला नाही, बाय. मी नुसता बघितला. पण बघूनही माझ्या छातीत जे झालं ते मला लिहिता येत नाही. सहा वर्षं मी ज्याच्यावाचून होते ते माझ्या पायाजवळ बसलं होतं.

मग तू म्हणालीस, "लाव तुजा बोट. बगूदे बायांना पन." हसत म्हणालीस, पदर डोक्यावरून पुढे ओढून. मी उजवा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याला बोट लावलं, तू गप्प. मधल्याला, गप्प. करंगळीला लावून तसंच ठेवलं, तर तू म्हणालीस, "लाव ना ग, कवाची बसलेय." बायका हसल्या. त्यांना वाटलं, मी अजून सुरूच केलं नाही. मीही हसल्यासारखं केलं. बाय, माझं बोट तेव्हा तुझ्या करंगळीवरच होतं.

हे मी तिथे सांगितलं नाही. तुझा उजवा पाय गेलाय. गेलाय म्हणजे मुका झालाय. आणि त्या अंगठ्याच्या खाली एक खरचटलं आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. जागृतीला मी ओट्याजवळ नेऊन सांगितलं आहे. माझंही चिंचोक्याएवढंच होतं.

पण डावा! डाव्याला तिन्ही वेळा बोट टेकलं न टेकलं तोच तू "हां" म्हणालीस. चटकन, एकदाही न चुकता. मला इतका आनंद झाला की मी तुझ्या त्या पायाला डोकं टेकवलं. बायकांना वाटलं मोठी बहीण म्हणून पाया पडतेय. मी त्या पायातल्या जाणिवेच्या पाया पडत होते. जगात यापेक्षा मोठी गोष्ट नाही असं त्या क्षणी वाटलं, की बोट टेकावं आणि माणसाने हां म्हणावं.

आज सकाळी मी स्नेहल सिस्टरला फोन केला. आनंदाने सांगितलं, एक पाय शाबूत आहे. ती म्हणाली, "आजी, हा आजार बहुतेक दोन्ही पायांना सारखाच धरतो. त्यांनी डोळे नीट मिटले होते ना?" मी म्हटलं, माझी बहीण देवीची पाटी वाहिलेली बाई आहे, ती कशाला खोटं करेल? ती म्हणाली, "बरं. पण लवकर आणा."

आपल्या आरोग्य केंद्रात गुरुवारी सकाळी साखरेचं बघतात. या नाही, पुढच्या, तेवीस तारखेला तुझं नाव घालून ठेवलंय. काही न खाता यायचं. तोवर अनवाणी फिरू नकोस, घरातसुद्धा नाही, आणि त्या खरचटल्याकडे जागृतीला रोज बघू दे. तिला मी सांगितलंय, लाल झालं, पाणी आलं, तर गुरुवारची वाट बघायची नाही.

येशील ना? एका पायासाठी तरी ये.

तुझी कमळी

करंजा
१८ जानेवारी २०२५

कमले,

जागृती लिवते, मी सांगते. तिला बोललेय, मी बोलन तसाच लिव, सुदारू नुको.

तुजा कागद आयकला. उजव्या पायाचा तू लिवलंस तो खरा हाय. 'लाव ना ग' बोलले तवा मना खरंच वाटला का तू अजून लावलास नाय. तू हसलीस, पन तुजा हसू मना बरा वाटला नाय. म्हनून मी डोला जरा उगडला नी पदराखालून खाली पायलं. तुजा बोट माज्या करंगलीवर व्हता. बसलेला व्हता. नी मना ठावं नाय.

मंग डाव्या पायाला मी डोले मिटलेच नाय. पदराखालून बगत रायले. तू बोट लावलास का 'हां' बोलायची. तिन्ही येला. बाया बसल्या व्हत्या, काय करू? तू माज्या पायावर डोका ठेवलास, तो पन मी पायला. मना कलला नाय.

दोनी गेलेत, कमले.

सिस्टरला सांग, मी खोटा केला.

गुरवारी येते. सकाली चा पन पेत नाय. जागृती संगात हाय, चपलेचा पट्टा तीच बांदते रोज. बायांना मी सांगितला, डोले उगडे व्हते म्हनून. त्यातली दोगी बोलल्या, आमाला पन ने. त्यांना पन आनते.

तू दारान उबी रव. मना भ्या वाटतं. मोटी हाय म्हनून कदी बोलले नाय.

पुतला